डब्यावरचे वॉट आणि डब्यातले वॉट

डहाणूचा एखादा विद्यार्थी वर्षभर साठवलेले पैसे घेऊन ग्रँट रोडला उतरतो. घरच्या संगणकावर नवे खेळ नीट चालावेत, एवढीच त्याची इच्छा. लॅमिंग्टन रोडवर तो ग्राफिक्स कार्ड घेतो आणि दुकानदार विचारतो, "एसएमपीएस कुठला देऊ?" समोर दोन डबे ठेवले जातात. दोन्हींवर '५०० वॉट' असे ठळक छापलेले, पण एकाची किंमत दुसऱ्याच्या तिप्पट. पैसे बहुतेक कार्डातच संपलेले असतात, तेव्हा स्वस्त डबा पिशवीत जातो. वॉट तर दोन्हीकडे सारखेच आहेत ना!

ते सारखे असतात का? हे समजण्यासाठी या डब्याचा इतिहास थोडा पाहावा लागेल.

आपल्या घरी येणारी वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तने करणारी, म्हणजे ए.सी. असते. संगणकातील चिपांना मात्र काही थोड्या व्होल्टचा स्थिर डी.सी. पुरवठा लागतो. जुन्या रेडिओत हे काम लोखंडी गाभ्याचे रोहित्र करीत असे. आधी दाब उतरवायचा, मग ए.सी.चे डी.सी. करायचे. अशा रोहित्राचे वजन जास्त का असते, हे दहावीच्या वर्गातही सांगता येते. गुंडाळीत निर्माण होणारा दाब चुंबकीय प्रवाह किती वेगाने बदलतो यावर अवलंबून असतो. सेकंदाला ५० आवर्तने हा वेग फारच कमी. ही उणीव लोखंड आणि तांबे वाढवून भरून काढावी लागते.

मग वेगच वाढवला तर? एसएमपीएसमध्ये हेच केले जाते, आणि त्यासाठी वाट थोडी उलटी धरली जाते. २३० व्होल्टच्या ए.सी.चे प्रथमच डी.सी. करायचे (त्याचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट), मग ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने सेकंदाला हजारो वेळा ते चालू-बंद करायचे आणि असा तुकडे झालेला प्रवाह काडेपेटीएवढ्या रोहित्रातून न्यायचा. ही कल्पना १९६० च्या दशकात उपग्रहांमध्ये वापरली गेली होती, कारण तिथे ग्रॅमग्रॅमचा हिशेब होता. पण एवढा दाब सोसून एवढ्या वेगाने चालू-बंद होणारे ट्रान्झिस्टर स्वस्त झाले ते १९७० च्या दशकात. १९७६ मध्ये हे चालू-बंद करणे नियंत्रित करणारी एसजी १५२४ ही चिप आली. १९७७ च्या ॲपल-२ संगणकासाठी रॉड होल्ट यांनी असाच पुरवठा बनवला. ही क्रांती त्यांच्यापासून सुरू झाली असे पुष्कळदा लिहिले जाते, पण ते अतिशयोक्तीचे आहे. होल्ट यांचे काम उत्तम होते, मात्र तोवर ही पद्धत अनेक कारखान्यांत रुळली होती.

१९८१ च्या आयबीएम पीसीचा पुरवठा होता ६३.५ वॉटचा, १९८४ च्या एटीचा १९२ वॉटचा. या काळातील चिपा ५ व्होल्टवर चालत. त्यामुळे पुरवठ्याचा मोठा वाटा ५ व्होल्टचा असे, आणि १२ व्होल्ट मुख्यतः डिस्कच्या मोटारी व पंखे फिरवण्यासाठी असत. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक प्रसिद्ध केले. योगायोग असा, की डहाणूचे ५०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले ते याच वर्षी. तेथील वीज २२० किलोव्होल्टच्या तारांवरून मुंबईच्या उपनगरांकडे जाते. पलीकडच्या तालुक्यात तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून आहे. दोन वीजकेंद्रांच्या शेजारी राहूनही दिवा लुकलुकतो याची मौज, किंवा चीड, डहाणूकरांना नवी नाही!

एटीएक्स आले त्यानंतर प्रोसेसर भराभर भुकेले होत गेले. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. ५ व्होल्टवर १०० वॉट पोचवायचे तर तारेतून २० अँपिअर न्यावे लागतात, १२ व्होल्टवर सव्वाआठ पुरतात. तारेत होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून २००० मध्ये पेंटियम-४ बरोबर प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची वेगळी जोडणी आली. पुढे ग्राफिक्स कार्डेही १२ व्होल्टवरच जगू लागली. स्वस्त डब्यातील पहिली गफलत इथे असते. त्यावरचे ५०० वॉट ही अनेकदा सगळ्या शाखांची बेरीज असते, तीही क्षणभर मिळणाऱ्या शक्तीची. खेळाला जे हवे असतात ते १२ व्होल्टचे अँपिअर त्यात थोडेच.

दुसरी गफलत वेळेची आहे. डहाणूला लोकलने जाणाऱ्यांनी हे पाहिले असेल की मध्येच काही क्षण गाडीतील दिवे व पंखे बंद पडतात, गाडी मात्र पुढे सरकत राहते. वरच्या २५,००० व्होल्टच्या तारेत दोन विभागांच्या मध्ये वीज नसलेला एक तुकडा असतो, आणि तो गाडी स्वतःच्या जडत्वावर पार करते. संगणकाला असे जडत्व देतो तो डब्यातील मोठा धारित्र, म्हणजे कपॅसिटर. वीज गेल्यावर निदान सुमारे १७ मिलिसेकंद पुरवठा टिकावा, असे एटीएक्सच्या जुन्या मानकात होते. अमेरिकेत ६० हर्ट्झच्या एका आवर्तनाला १६.७ मिलिसेकंद लागतात, आपल्याकडे २०. म्हणजे मानक जेमतेम पाळणारा डबा आपले एक आवर्तनही पुरे भरून काढत नाही.

फळ्यावर हिशेब करून पाहा. धारित्र ४०० मायक्रोफॅरडचा, दाब ३८० व्होल्ट. साठलेली ऊर्जा, अर्धा गुणिले धारिता गुणिले दाबाचा वर्ग, येते सुमारे २९ जूल. दाब ३०० व्होल्टवर उतरेपर्यंत त्यातले ११ जूल वापरता येतात. डबा ५०० वॉट ओढत असेल, तर हे २२ मिलिसेकंद पुरतील. कारखानदाराने काही रुपये वाचवून २०० मायक्रोफॅरडचा धारित्र घातला, की उरतात ११. इन्व्हर्टर किंवा साधा यूपीएस बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद घेतोच. खेळ ऐन रंगात असताना संगणक का बंद पडतो, याचे कारण पुष्कळदा या वजाबाकीत असते.

धारित्राचा शत्रू उष्णता. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. १९९९ नंतर काही वर्षे सदोष द्रावणाचे धारित्र जगभर विकले गेले. ते फुगून फुटले आणि असंख्य मदरबोर्ड व एसएमपीएस निकामी झाले. म्हणून १०५ अंशांचे धारित्र असलेला डबा ८५ अंशांच्या डब्यापेक्षा बरा, विशेषतः डहाणूच्या दमट, खाऱ्या हवेत.

२००४ मध्ये '८० प्लस' ही कार्यक्षमतेची चाचणी आली, २००८ मध्ये तिच्या ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या झाल्या. ती उपयोगी आहेच, पण ती फक्त किती वीज उष्णतेत वाया जाते ते सांगते. शॉर्ट सर्किट झाल्यास डबा स्वतःला आणि इतरांना वाचवेल की नाही, हे तीत येत नाही. '८० प्लस गोल्ड' म्हणजे सर्वगुणसंपन्न, ही समजूत दुकानदारांनीच वाढवली आहे.

आपल्या विद्यार्थ्याने २०२१ चे आरटीएक्स ३०६० घेतले असे समजू. त्याला १७० वॉट लागतात. प्रोसेसर व इतर भाग धरून बेरीज ३०० च्या आसपास जाते. पण ग्राफिक्स कार्डे सेकंदाच्या अगदी अल्प भागात याहून बरीच जास्त शक्ती ओढतात. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात तर मोठ्या डब्यांनी १०० मायक्रोसेकंद दुप्पट भार सोसावा असेच लिहिले आहे. तेव्हा चांगला ५५० वॉटचा डबा पुरे, ८५० चा उगाच नको. शिवाय लेबलवर इनपुट १००–२४० व्होल्ट आहे की २००–२४०, हे पाहावे. तलासरीकडच्या लांब तारांच्या टोकाला असलेल्या पाड्यांवर संध्याकाळी दाब उतरतो, तिथे पहिला डबा तग धरेल.

शाळेच्या प्रयोगशाळेत बंद पडलेला एखादा जुना संगणक असतोच. त्याच्या डब्याचे झाकण मात्र उघडू देऊ नये, वीज काढल्यावरही धारित्रात तीनशे व्होल्ट काही वेळ राहू शकतात. बाहेरचे लेबल वाचायला हरकत नाही. त्यावर ५ व्होल्टच्या रकान्यात ३० अँपिअर आणि १२ च्या रकान्यात १२ असे काही दिसले, तर गुणाकार मुलांना करू द्यावा. शेजारी नव्या डब्याचे लेबल ठेवावे, ज्यात १२ व्होल्टला ४५ अँपिअर असतील, आणि कोणता डबा कोणत्या काळातला हे त्यांनाच ओळखायला सांगावे.