आंबोलीचा 'देवाचा मासा'

सिंधुदुर्ग जिल्ह्यात आंबोलीला हिरण्यकेशी नदी उगम पावते. तिथल्या महादेव मंदिराजवळच्या कुंडात एक लहानसा मासा राहतो. गावकरी त्याला 'देवाचा मासा' म्हणतात. संशोधकांनी २०२० मध्ये ही नवी प्रजाती असल्याचे जाहीर केले आणि तिला नदीचेच नाव दिले: शिस्टुरा हिरण्यकेशी.

हा मासा तळाशी राहतो. दगडगोट्यांच्या फटींत तो लपतो आणि तोंडाजवळच्या मिशांनी चाचपडत अन्न शोधतो. म्हणून त्याला स्वच्छ, वाहते पाणी लागते. तळाशी गाळ साचला की फटी बुजतात. मग त्याला लपायला आणि खायला जागाच उरत नाही.

मासा इतक्या छोट्या जागेत राहत असल्याने मासेमारीमुळेही तो संपू शकतो. म्हणूनच राज्य सरकारने २०२१ मध्ये इथले २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले.

पण कायदा कुंडावर चोवीस तास पहारा देऊ शकत नाही. आंबोलीला गेलात, तर कुंडात साबण, निर्माल्य किंवा प्लास्टिक टाकू नका, तळातले दगड हलवू नका. आपल्याला तो नुसता दगड वाटतो. या माशाचे मात्र ते घर आहे.