जोडताऱ्यांची संगणकातली पिढी

* येथे उल्लेखलेले ‘लक्षावधी जोडतारे’ आकाशातले नाहीत, संगणकातले आहेत. जोडीचे आयुष्य लक्षावधी ते अब्जावधी वर्षांचे; ते डोळ्यांनी पाहणे अशक्य. म्हणून दोन्ही ताऱ्यांची वस्तुमाने आणि त्यांच्यातले अंतर निरीक्षणांशी जुळेल अशा प्रमाणात यदृच्छेने निवडतात आणि पुढचा प्रवास गणिताने चालवतात. हर्ली, टाउट व पोल्स यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेली सूत्रे अजूनही अनेक प्रणालींचा पाया आहेत.

या गणितातला खरा वादाचा मुद्दा सामाईक आवरणाचा. एक तारा फुगतो, त्याचा वायू जोडीदारालाही गिळतो, दोघे त्या वायूतून घसरत एकमेकांजवळ येतात. कक्षेतली किती ऊर्जा ते आवरण उडवण्यात खर्ची पडते, हे बहुतेक प्रारूपांत ‘अल्फा’ या एकाच आकड्यात कोंबलेले असते. एवढी गुंतागुंतीची घटना एका आकड्यावर सोपवणे ही सोय आहे, आकलन नव्हे. हा आकडा बदलला की जोडी आवरणातच एकरूप होते किंवा तगून राहते, आणि कृष्णविवरांच्या विलीनीकरणाचा अंदाजित दर कित्येक पटींनी बदलू शकतो.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेने सूर्याच्या सुमारे ३६ व २९ पट वस्तुमानांच्या कृष्णविवरांचे मीलन टिपले, तेव्हापासून या अंदाजांना त्या लहरींची कसोटी मिळाली. पुढील पानांवरचे दर वाचताना वाचकांनी अल्फाची किंमत आधी पाहावी.