केशनलिका आणि रक्तपरीक्षा

वातींतून तेल वर चढतें, हा केशाकर्षणाचा धडा मीं मुलांस अनेक वर्षें शिकविला. आज सांगावयाच्या केशनलिकेचें कार्य मात्र निराळें आहे.

रक्तांतील प्रथिनें विजेच्या योगानें कशीं वेगळीं करावीं, हें स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांनीं १९३७ सालीं दाखविलें. १९४८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. १९४९ सालीं लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं याच रीतीनें सिद्ध केलें कीं, सिकलसेलच्या रोग्याचें हीमोग्लोबिन निराळा विद्युद्भार वाहतें.

परंतु रुंद नळींत विजेचा दाब वाढविला, कीं द्राव तापून ढवळे आणि वेगळे झालेले घटक पुन्हां मिसळत. १९८१ सालीं अमेरिकेंत जॉर्गेन्सन व ल्युकाक्स यांनीं अवघ्या ७५ मायक्रॉन पोकळीची कांचनळी घेतली. तिच्यांतून उष्णता चटकन् निघून जाई. म्हणून ३० हजार व्होल्टपर्यंत दाब देतां आला. पुष्कळ शर्करांवर विद्युद्भार नसतो. त्यांस भारयुक्त रंगद्रव्य जोडून याच वाटेनें धाडतात.

सिकलसेल आपल्या विदर्भांत व नंदुरबाराकडे आढळतो. त्याच्या निदानाच्या साधनांत आज केशनलिकाही आहे. लक्षणें दिसण्यापूर्वींच दोष कळला, तर बालकाची शुश्रूषा वेळेवर सुरू होते. आईबापांस याहून अधिक काय हवें?