अडलेलं अक्षर: वामनदादा कर्डक

मंडळी, लेखणी अडली की आपण म्हणतो, सुचत नाही. वामनदादांचं अडणं निराळं. आपल्या दिंडोरीच्याच जिल्ह्यातल्या, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस, जन्म 1922 चा. मुंबईच्या चाळीत कुणी पत्र वाचायला दिलं, तर वाचताच येईना! ती लाज जिव्हारी लागली. मग बाराखडी गिरवली. जोडाक्षरं दुकानांच्या पाट्या वाचत वाचत शिकले. पहिलं गाणं 1943 चं, तेही एका हिंदी गाण्याचं विडंबन. विडंबनाला आपण उगाच नाक मुरडतो. आम्हाला तर वाटतं, चाल आयती मिळाली म्हणूनच शब्द मोकळे झाले. पुढे बाबासाहेबांचा विचार भिनला आणि दादांची भीमगीतं वस्त्यावस्त्यांतून गायली जाऊ लागली.