हिशेबाची वही मागणारा बचावपटू

बर्फावरची हॉकी मी प्रत्यक्ष कधी पाहिलेली नाही आणि या जन्मी पाहीन असेही वाटत नाही. आमच्या गावात बर्फ दिसतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर, गोणपाटात गुंडाळलेला. तरीही गेले वर्षभर मी एका बर्फावरच्या हॉकीपटूच्या मागे लागलो आहे. निमित्त झाले भाच्याचे. तो नोकरीसाठी कॅनडात मॉन्ट्रियलला असतो. गेल्या दिवाळीत घरी आला तेव्हा फराळ चालू असतानाच त्याने मोबाईलवर एक जुनी, काळी-पांढरी चित्रफीत माझ्यापुढे धरली. दहाबारा माणसे बर्फावरून वाऱ्यासारखी धावत होती आणि एकजण मात्र आपल्याच गोलाच्या मागे, काठीशी चकती धरून, एसटीची वाट पाहत उभे राहावे तसा निवांत उभा होता. “मामा, सगळ्यांत मोठा खेळाडू हाच,” भाचा म्हणाला. मला वाटले पोरगा थट्टा करतो आहे.

त्या माणसाचे नाव डग हार्वी.

खेळ थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढची गोष्ट घरच्या मंडळींना कळायची नाही. दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद असे बर्फाचे अंगण. भोवती लाकडी कठडा. प्रत्येक बाजूला गोलरक्षक धरून सहा गडी, पायांत पोलादी पात्यांचे बूट. चेंडूऐवजी कडक रबराची चकती असते, तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची. तिला ते लोक पक म्हणतात. आपल्या लडाखातही हिवाळ्यात तळी गोठली की पोरे हा खेळ खेळतात, तेव्हा अगदीच परका मानायचे कारण नाही. सहांपैकी दोघे बचावपटू. त्यांचे काम पूर्वापार एवढेच, की आपल्या गोलाकडे येणाऱ्याला अडवावे, पाडावे आणि चकती हाती लागली की धोपटून लांब भिरकावून द्यावी. पुढचे पुढच्यांनी पाहावे.

हार्वीने नेमके हेच करायचे सोडले. चकती मिळाली की तो ती सोडीतच नसे. शांतपणे उभा राही. प्रतिपक्षाचा गडी चवताळून अंगावर आला की त्याला येऊ देई, आणि तो अगदी जवळ आला म्हणजे त्याच्या बगलेतून चकती आपल्या धावत्या गड्याच्या काठीवर अशी अलगद ठेवी, की येणारा मागे राहून जाई आणि एका गड्याची फट पडे. खेळ मंद करायचा की वेगात न्यायचा, हे तो ठरवी. सुरुवातीला प्रेक्षकांना तो आळशी वाटे. त्याला ओरडा खावा लागे. त्याने चाल बदलली नाही.

त्याचा जन्म १९ डिसेंबर १९२४ चा, मॉन्ट्रियलमधलाच. दुसऱ्या महायुद्धात तो कॅनडाच्या आरमारात होता. अंगात खेळ एवढा, की हॉकीचा हंगाम संपला की उन्हाळ्यात ऑटावाच्या संघातून पैसे घेऊन बेसबॉल खेळे. तिकडचा फुटबॉलही खेळला होता. १९४७ साली तो मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघात आला आणि पुढे चौदा हंगाम तिथेच, पाठीवर २ हा आकडा घेऊन खेळला. त्याच संघात मोरीस रिशार होता, ज्याच्यासाठी ते शहर रस्त्यावर उतरत असे. जाँ बेलिव्हो होता. गोलात जाक प्लांट होता. नावे यांची गाजली. पण यांच्या काठीवर चकती नेऊन ठेवणारा बहुधा मागे उभा असे.

बेसबॉलच्या सवयीने मात्र एकदा घात केला. १६ एप्रिल १९५४. स्टॅन्ली करंडकाचा शेवटचा, सातवा सामना, डेट्रॉइटमध्ये. एकेक गोल झालेला. खेळ जादा वेळात गेलेला. डेट्रॉइटच्या टोनी लेस्विकने चकती लांबून उगाचच उंच उडवली. तिच्यात काही जीव नव्हता. हार्वीने ती चेंडूसारखी हाताने अडवायला हात वर केला, आणि हातमोज्याला लागून ती वळली ती थेट आपल्याच गोलात! करंडक डेट्रॉइटला गेला. मॉन्ट्रियलचे खेळाडू हस्तांदोलन न करताच निघून गेले. मला यात विशेष वाटते ते हे, की दुसरा कोणी असता तर पुढच्या हंगामात चकती दिसताच तिला दूर लोटू लागला असता. हार्वी पुढच्या वर्षी पुन्हा तसाच चकती धरून उभा राहिला, आणि १९५५ साली सर्वोत्तम बचावपटूला मिळणारा नॉरिस करंडक त्याने प्रथम जिंकला. तो पुढे सात वेळा त्याच्याकडे आला. १९५५ ते १९६२ या आठ वर्षांत फक्त एकदा, १९५९ मध्ये, तो दुसऱ्याला मिळाला आणि तो दुसराही त्याच्याच संघातला टॉम जॉन्सन!

१९५६ पासून १९६० पर्यंत ओळीने पाच वर्षे स्टॅन्ली करंडक मॉन्ट्रियलकडे होता. या संघापायी खेळाचा नियमही बदलावा लागला. गैरवर्तन केलेल्या गड्याला दोन मिनिटे बाहेर बसावे लागे, आणि तेवढ्यात कितीही गोल झाले तरी तो पुरती दोन मिनिटे बाहेरच. मॉन्ट्रियलने मागे हार्वीला ठेवून या दोन मिनिटांचा असा काही फायदा घ्यायला सुरुवात केली, की ५ नोव्हेंबर १९५५ रोजी बोस्टनविरुद्ध एकट्या बेलिव्होने ४४ सेकंदांत तीन गोल केले. पुढच्या हंगामापासून नियम आला, की एक गोल झाला की बाहेरच्या गड्याने परत यावे. तो आजही आहे.

आता पैशाकडे वळतो. या माणसाची खरी गोष्ट तिथेच आहे.

त्या काळी लीगमध्ये संघ अवघे सहा. खेळाडू एकदा ज्या मालकाचा झाला त्याचा तो जन्माचा; मालक त्याला विकू शके, बदलू शके, गावोगावच्या लहान संघांत धाडू शके; खेळाडूला मात्र दुसरा मालक शोधायची मुभा नव्हती. १९४७ मध्ये निवृत्तिवेतनाचा फंड निघाला. त्यात प्रत्येक खेळाडूने वर्षाला ९०० डॉलर भरायचे. फंडात एकूण किती जमले, मालकांनी किती घातले, हे कोणी विचारायचे नाही.

इथे मला माझीच गोष्ट आठवते. मी पहिल्यांदा मास्तर म्हणून लागलो त्या शाळेत दरमहा पगारातून फंडाची रक्कम कापली जाई. दोन वर्षांनी मी सहज विचारले, की हिशेब पाहायला मिळेल का? प्रश्न साधा होता. पण दुसऱ्या दिवसापासून कचेरीतली मंडळी माझ्याकडे असे पाहू लागली, की जणू मी तिजोरीच फोडली आहे. नव्या वेळापत्रकात दिवसाचे शेवटचे सगळे तास माझ्या वाट्याला आले. मी पुन्हा विचारले नाही. हे लिहिताना आजही बरे वाटत नाही.

हार्वीने आणि डेट्रॉइटच्या टेड लिंडसेने पुन्हा विचारले. हे दोघे बर्फावरचे हाडवैरी. त्या काळी दोन संघांचे खेळाडू बाहेर भेटले तरी बोलत नसत. पण फंडाची वही पाहू द्या, या मागणीवर दोघांचे जुळले. नकार आला तेव्हा त्यांनी सहाही संघांतले खेळाडू गुपचूप गोळा केले, आणि ११ फेब्रुवारी १९५७ रोजी न्यूयॉर्कमध्ये खेळाडूंची संघटना जाहीर केली. लिंडसे अध्यक्ष, हार्वी उपाध्यक्षांपैकी एक. मालकांना हे सहन होणे शक्य नव्हते. त्याच उन्हाळ्यात लिंडसेची डेट्रॉइटहून शिकागोला रवानगी झाली. टोरांटोच्या जिमी टॉमसनचीही तीच गत. वर्षअखेरीस डेट्रॉइटच्या खेळाडूंनी माघार घेतली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये किमान पगार ७,००० डॉलर व निवृत्तिवेतनात थोडी वाढ एवढ्यावर तडजोड होऊन संघटना मिटली. वही कोणी दाखवली नाहीच.

हार्वीला मात्र हात लागला नाही. मला वाटते, लावता येत नव्हता. करंडकामागून करंडक येत होते. १९६० मध्ये रिशार निवृत्त झाला तेव्हा हार्वी कर्णधारही झाला. पण १९६१ च्या वसंतात संघ उपांत्य फेरीतच हरला, आणि त्याच जून महिन्यात, नुकताच सर्वोत्तम बचावपटू ठरलेल्या हार्वीला न्यूयॉर्कच्या संघाकडे देऊन त्याच्या बदल्यात लू फाँटिनाटो नावाचा एक दांडगा गडी घेण्यात आला. हे संघटनेचे फळ आहे, असे हार्वीचे मत होते. आपण उतरणीला लागलो असतो तर नॉरिस करंडक कसा मिळाला असता, असे तो विचारी. न्यूयॉर्कला तो खेळाडू आणि कोच अशी दोन्ही कामे करू लागला, त्या पडक्या संघाला चौथ्या क्रमांकावर आणले, आणि सातवा नॉरिस करंडक घेतला. कोचपद मात्र वर्षभरात सोडले. कोच झाले की खेळाडूंच्या कोंडाळ्यात बसता येत नाही, हे त्याला मानवले नाही.

त्या कोंडाळ्यात बसण्याची, म्हणजे पिण्याची, सवय पुढे वाढतच गेली. न्यूयॉर्कनंतर तो लहान लहान संघांतून फिरला: क्वेबेक, बाल्टिमोर, पिट्सबर्ग. १९६८ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, सेंट लुईसच्या नव्या संघाने त्याला ऐन करंडकाच्या सामन्यांत उतरवले, आणि अंतिम फेरीत समोर आला तो मॉन्ट्रियलच! सेंट लुईस चारही सामने हरले, पण प्रत्येक वेळी एकाच गोलाने. पुढचा हंगाम खेळून त्याने बूट काढले. १,११३ सामने, गोल फक्त ८८, पण दुसऱ्याला गोल करून दिले ४५२.

१९७२ मध्ये टोरांटोच्या गौरवदालनात बेलिव्होला नियम बाजूला ठेवून ताबडतोब घेतले; हार्वी राहिला. १९७३ मध्ये बोलावणे आले तेव्हा तो समारंभाला गेलाच नाही. मासे धरायला जायचे आहे, म्हणाला. पुढे ऑटावाजवळच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर काम करीत तो एका आगगाडीच्या डब्यात राहत असे. पंतप्रधान डीफेनबेकर एके काळी ज्यातून फिरत तोच हा डबा! २६ ऑक्टोबर १९८५ रोजी मॉन्ट्रियलने त्याचा २ हा आकडा कायमचा निवृत्त केला. त्या समारंभाला मात्र तो गेला. नंतर क्लबने त्याला नवे खेळाडू हेरण्याचे काम दिले. २६ डिसेंबर १९८९ रोजी यकृताच्या विकाराने तो वारला. पासष्टावे वर्ष नुकतेच पुरे झाले होते.

फंडाची वही त्यानंतर उघडली गेली. जुन्या खेळाडूंनी १९९१ मध्ये न्यायालयात दावा लावला. फंडातली शिल्लक मालकांनी आपल्या सोयीने वापरली, ती खेळाडूंचीच होती, असा निकाल ओंटारिओच्या न्यायालयाने १९९२ मध्ये दिला. १९९४ मध्ये तो वरच्या न्यायालयांतही टिकला, आणि व्याजासकट चार कोटी डॉलरांच्या आसपास रक्कम निवृत्त खेळाडूंना परत मिळाली. या दाव्यामागे हट्टाने उभा राहिलेला माणूस टोरांटोचा कार्ल ब्रूअर. तोही बचावपटूच.