सुलोचना : नाव, वेश आणि आवाज

मराठी वाचकापुढे 'सुलोचना' हे नाव उच्चारले की सोज्ज्वळ मातेच्या भूमिका करणाऱ्या सुलोचना लाटकर (1928–2023) यांची आठवण होते. त्यांचा जन्म झाला त्याच वर्षी मुंबईच्या पडद्यावर 'अनारकली' म्हणून दुसरी एक सुलोचना गाजत होती. तिचे मूळ नाव रुबी मायर्स. मूकपटाच्या अखेरच्या पर्वातील ही सर्वांत लोकप्रिय नायिका आज चित्रपट-इतिहासाच्या ग्रंथांतील दोन-चार परिच्छेदांपुरती उरली आहे. या विस्मरणाचे खापर केवळ काळावर फोडता येणार नाही. त्यामागे भाषेचा एक प्रश्न आहे, आणि म्हणूनच वाङ्मयाच्या अभ्यासकाने या कारकिर्दीकडे पाहावयास हवे.

पहिली अडचण संहितेची. भारतात सुमारे 1300 मूकपट निर्माण झाले. त्यांपैकी आज पूर्ण वा खंडित स्वरूपात उपलब्ध असलेले 30 देखील नाहीत. नायट्रेटची फिल्म ज्वालाग्राही होती, आणि तिच्यातील चांदी काढून विकणे हा जुनी रिळे सांभाळण्यापेक्षा किफायतशीर व्यवहार होता. पुण्यात 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन होईपर्यंत फार उशीर झाला होता. जे वाचले होते त्यातलेही काही 2003 च्या आगीत गेले. तेव्हा सुलोचनाच्या अभिनयाविषयी बोलायचे म्हणजे पटांची शीर्षके, स्थिरचित्रे, जाहिराती आणि उत्तरकालीन आठवणी यांच्या आधारे बोलायचे. प्राचीन वाङ्मयाच्या अभ्यासकाला अशी सवय असते. ग्रंथ लुप्त, पण त्याचे नाव आणि इतरांनी केलेला उल्लेख शिल्लक, हा अनुभव त्याला नवा नाही. चित्रपटाच्या बाबतीत मात्र हा लोप अवघ्या काही दशकांत घडला आहे.

रुबी मायर्स यांचा जन्म 1907 साली पुण्यात, बगदादी ज्यू कुटुंबात झाला. येथे एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. ज्यू म्हटले की महाराष्ट्रात प्रथम आठवतात ते कोकणातून आलेले, घरात मराठी बोलणारे बेने इस्रायल. बगदादी ज्यू समाज त्यांहून वेगळा. पश्चिम आशियातून व्यापाराच्या निमित्ताने आलेला, ससून घराण्याच्या आश्रयाने मुंबई-पुण्यात स्थिरावलेला आणि अरबीकडून थेट इंग्रजीकडे वळलेला असा हा समाज. पुण्याच्या कॅम्पातले 'लाल देऊळ' ही त्याचीच खूण. म्हणजे रुबी मायर्स पुण्यात जन्मल्या खऱ्या, पण मराठी वा हिंदुस्थानी ही त्यांच्या घरची भाषा नव्हती. पुढील साऱ्या कथेची गाठ या एका गोष्टीत आहे.

चित्रपटात येण्यापूर्वी त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. कोहिनूर फिल्म कंपनीचे दिग्दर्शक मोहन भवनानी यांनी विचारले तेव्हा त्यांनी आधी नकार दिला. हा नकार समजण्यासारखा आहे. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळके यांना तारामतीची भूमिका करायला स्त्री मिळाली नाही. ती अण्णा साळुंके यांनी केली. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमला यांनी ही कोंडी फोडली, तरी प्रतिष्ठित घरांची दारे पुढे दशकभर बंदच राहिली. त्या फटीतून अँग्लो-इंडियन आणि ज्यू तरुणी आत आल्या, कारण त्यांच्या समाजात स्त्रीने घराबाहेर पडून नोकरी करणे अगोदरच रुळले होते. भवनानींनी पिच्छा सोडला नाही, आणि 1925 साली 'वीर बाला'तून रुबी मायर्स पडद्यावर आल्या. अभिनयाचा कोणताही पूर्वानुभव त्यांना नव्हता.

विरोधाभास असा की, ज्या व्यवसायाचे एकमेव साधन आवाज आहे तो सोडून ही तरुणी अशा माध्यमात आली जिथे आवाजाला स्थानच नव्हते. ऑपरेटरला कोणी पाहत नाही, फक्त ऐकतात. मूकपटाच्या नायिकेला फक्त पाहतात.

पडद्यावरचे नाव बदलणे ही त्या काळची रीतच होती. रेने स्मिथ 'सीतादेवी' झाल्या, एफी हिपोलेट 'इंदिरादेवी' झाल्या, रुबी मायर्स 'सुलोचना' झाल्या. नावांची निवड पाहण्याजोगी आहे. 'सुलोचना' याचा अर्थ सुंदर डोळ्यांची, आणि केवळ दृश्य असलेल्या कलेला याहून समर्पक नाव सुचणे कठीण; पण भारतीय श्रोत्याला हे नाव लगेच इंद्रजिताच्या पतिव्रता पत्नीचीही आठवण करून देते. परकी वाटेल अशी कांती, कापलेले केस आणि आधुनिक वेश यांवर पुराणातील सतीचे नाव झाकणासारखे ठेवले गेले. प्रेक्षक या झाकणाने फसत होता असे मानण्याचे कारण नाही. उलट, नाव आपले आणि रूप परके या ताणातच त्याला रस होता. हाच ताण त्या काळच्या कादंबरीतील सुशिक्षित नायिकेच्या चित्रणातही आढळतो. लेखक तिला सायकल देतो, इंग्रजी पुस्तक देतो आणि शेवटी कुंकूही लावतो.

पटांची शीर्षके या दृष्टीने बोलकी आहेत. 1926 या एकाच वर्षात 'सिनेमा क्वीन', 'टाइपिस्ट गर्ल' आणि 'टेलिफोन गर्ल'. स्त्रीच्या नात्याने नव्हे, तर तिच्या व्यवसायाने ओळखली जाणारी नायिका येथे प्रथमच ठळकपणे समोर येते. 'टेलिफोन गर्ल'मध्ये तर अभिनेत्रीचा पूर्वायुष्यातला व्यवसायच कथेचा विषय झाला. दुसऱ्या बाजूला 1927 साली नवल गांधी यांनी रवींद्रनाथांच्या नाटकावरून 'बलिदान' काढला, त्यातही सुलोचना होत्या. 1927–28 च्या भारतीय सिनेमॅटोग्राफ समितीने अस्सल भारतीय चित्रपट म्हणून त्याचा गौरवाने उल्लेख केला. म्हणजे 'अस्सल भारतीय' ठरलेल्या पटात एक बगदादी ज्यू नायिका होती! हे त्या काळी कोणाला खटकले नाही, कारण ती बोलत नव्हती.

याच 1927 साली 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' आला. त्यात सुलोचनांनी आठ सोंगे घेतली. माळी, पोलीस, हैदराबादी गृहस्थ, रस्त्यावरचे पोर, केळी विकणारी म्हातारी, गौरवर्णी युरोपीय तरुणी ही त्यांतली काही. मराठी रसिकाने या प्रसंगाशेजारी दुसरा एक ठेवून पाहावा. त्याच वर्षी बालगंधर्व मराठी रंगभूमीवर नायिका रंगवीत होते, आणि त्यांच्या शालू-पैठणीवर कुलीन स्त्रियांचे लक्ष असे. एकीकडे पुरुष हा स्त्रीत्वाचा आदर्श घडवीत होता, तर दुसरीकडे स्त्री पोलिसाचा गणवेश चढवून शहरभर हिंडत होती. पहिल्या प्रकाराविषयी मराठीत विपुल लिहिले गेले. दुसऱ्याची दखल मराठी समीक्षेने जवळजवळ घेतली नाही. गंधर्वांचे वेशांतर एका उच्चवर्णीय आदर्शाकडे जाणारे होते, तर सुलोचनांचे एका बहुभाषिक शहराच्या रस्त्यात विखुरणारे. सोंगे आठ असली तरी खाली एकच स्त्री आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असल्यामुळे लिंग, धर्म, वर्ग हे सारेच अंगावरून उतरवता येण्याजोगे कपडे ठरतात. असे करणे मूकपटातच शक्य होते. हैदराबादी गृहस्थाने तोंड उघडले असते तर सोंग तिथेच संपले असते.

1928 मधील 'अनारकली'ची हकिकत व्यापारी चुरशीची आहे. ग्रेट ईस्टर्न कंपनी इम्तियाज अली ताज यांच्या नाटकावरून 'द लव्हज ऑफ अ मुघल प्रिन्स' तयार करीत होती; त्यात नायिका सीतादेवी. आर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीने तीच कथा घाईने चित्रित केली, सुलोचनांना नायिका केले आणि आपला पट आधी प्रदर्शित केला. इंपीरियलची सरशी झाली. 'माधुरी' (1928) आणि 'इंदिरा बी.ए.' (1929) यांनी हे यश पक्के केले. दिनशा बिलिमोरिया यांच्याबरोबरची त्यांची जोडी घरोघरी माहीत झाली. महात्मा गांधींनी खादी प्रदर्शनाचे उद्घाटन केल्याचा एक लघुपट दाखविताना त्याला 'माधुरी'तील सुलोचनांचे नृत्य ध्वनीसह जोडले गेले होते. खादी आणि नाच यांची ही सोयरीक जमवणाऱ्याने राष्ट्रवादाचे आणि तिकीटविक्रीचे गणित एकदमच सोडवले असावे.

याच काळातली एक आख्यायिका प्रत्येक लेखात पुनरुक्त होते. सुलोचनांना दरमहा 5000 रुपये मिळत, आणि ही रक्कम मुंबईच्या गव्हर्नरच्या पगाराहून अधिक होती, अशी ती आहे. तिचा उत्तरार्ध टिकणारा नाही. 1919 आणि 1935 या दोन्ही कायद्यांनी मुंबईच्या गव्हर्नरसाठी ठरविलेले वेतन वर्षाला लाखाच्या वर, म्हणजे महिना दहा हजारांच्या घरात होते. तरीही आख्यायिका टाकून देऊ नये. वसाहतीतल्या सर्वोच्च अधिकाऱ्यालाही मागे टाकणारी नोकरदार तरुणी लोकांना हवी होती, एवढे ती नि:संशय सांगते.

14 मार्च 1931 रोजी 'आलम आरा' प्रदर्शित झाला. तो इंपीरियलचाच होता, पण नायिका झुबेदा. सुलोचनांना हिंदुस्थानी सफाईने येत नव्हती. मूकपटातील संवाद पाट्यांवर छापलेले असत, तेही अनेकदा एकाच पाटीवर दोन-तीन लिप्यांत. थिएटरात कोणी ते मोठ्याने वाचून दाखवी. नायिकेची भाषा अशी प्रेक्षकाच्या मालकीची होती. ज्याने ज्या लिपीत वाचली त्याच भाषेत ती बोलली. बोलपटाने हा अधिकार प्रेक्षकाकडून काढून घेतला आणि शब्दांना एकाच देहाशी, एकाच उच्चाराशी बांधले. जन्म, धर्म, शाळा हे सारे आता ऐकू येऊ लागले. बोलपटाने चित्रपटाला भाषा दिली असे आपण सहज म्हणतो. त्याने चित्रपटाची बहुभाषिकता हिरावून घेतली, हेही तितकेच खरे आहे. मूकपटातल्या किती जणींना या वळणावर थांबावे लागले हे पाहिले, तर या बदलाला निखळ प्रगती म्हणण्याचे धाडस होणार नाही.

सुलोचना थांबल्या नाहीत. सुमारे वर्षभर त्यांनी हिंदुस्थानीचा अभ्यास केला आणि 1932 च्या बोलक्या 'माधुरी'तून परतल्या. परंतु पुनरागमनाचे स्वरूप पाहा. 'इंदिरा बी.ए.'ची 1934 मध्ये 'इंदिरा एम.ए.' झाली, 1935 मध्ये पुन्हा 'अनारकली', 1936 मध्ये 'बम्बई की बिल्ली'. इंदिरेची पदवी वाढली; बाकी सारे पूर्वीचेच होते. स्वत:च्याच मूक भूमिकांचे त्या हिंदुस्थानीत भाषांतर करीत होत्या, आणि भाषांतरात जे निसटते ते निसटलेच. गंमत अशी की, 1935 सालीच बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथ म्हणून, पुरुषवेशात, पडद्यावर आले. दोन्ही वेशधारी कलावंतांना बोलपटाने आपापल्या मूळ ओळखीत परत धाडले. 'रुबी पिक्स' ही स्वत:ची संस्था सुलोचनांनी याच दशकात काढली, पण ती फार चालली नाही. 1947 च्या 'जुगनू'त त्या दुय्यम भूमिकेत होत्या. एक वयस्क प्राध्यापक त्यांच्या ओसरत्या सौंदर्यावर भाळतो, हे मुंबई सरकारच्या गृहखात्याला अनैतिक वाटले आणि चित्रपटावर बंदी आली, अशी नोंद इतिहासकार करतात. तरुण नायिकेचे प्रेम चालले, पण प्रौढ स्त्री आकर्षक असू शकते ही कल्पना चालली नाही.

1953 मध्ये फिल्मिस्तानने 'अनारकली' पुन्हा काढला. दिग्दर्शक नंदलाल जसवंतलाल, म्हणजे 'इंदिरा एम.ए.'चेच. नायिका बीना राय. पहिल्या दोन 'अनारकलीं'ची नायिका या तिसऱ्या पटात सलीमच्या आईच्या भूमिकेत आहे. पंचवीस वर्षांपूर्वी जिच्यासाठी शहजादा वेडा झाला होता, तीच आता त्याची राणीमाता म्हणून दरबारात बसते आणि तरुण नर्तकीकडे पाहते. पुढे 'नील कमल' (1968), 'जूली' (1975) अशा चित्रपटांत छोट्या भूमिका येत राहिल्या. 1973 चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. 10 ऑक्टोबर 1983 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. 1953 चा 'अनारकली' आजही उपलब्ध आहे. त्यात सुलोचनांचे संवाद थोडे आहेत. प्रसंगाचा बराच भार डोळ्यांवर आहे.