मेणवस्त्राची साक्ष

मेणकापड म्हटलें कीं पावसाळा आठवतो. सामान भिजूं नये एवढेंच त्याचें काम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु युरोपांत एके काळीं मेणवस्त्राकडे याहून गंभीर अशीं दोन कामें होतीं: जिवंताची जखम झांकणें आणि मृताचा देह राखणें.

दोहोंमागील तत्त्व एकच. वितळलेल्या मेणांत कापड बुडविलें म्हणजे धाग्यांमधील छिद्रें बुजतात व हवापाण्यास अटकाव होतो. वैद्य त्या मेणांत तेल, राळ व औषधी द्रव्यें मिसळीत. अशी पट्टी अंगाच्या उबेनें मऊ होऊन जागच्या जागीं चिकटून बसे. लॅटिन भाषेंत मेणाला ‘सेरा’ म्हणतात. त्यावरून अशा मलमांना ‘सेरेट’ हें नांव पडलें. आयुर्वेदांतील सिक्थतैल हेंही मेण आणि तेल यांचेंच मिश्रण होय.

राजांच्या अंत्यविधीस मात्र महिने लागत. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड ७ जुलै १३०७ रोजीं स्कॉटलंडच्या सीमेजवळ वारला. वेस्टमिन्स्टर येथें त्याचें दफन झालें तें २७ ऑक्टोबरला. पुढें २ मे १७७४ रोजीं पुराणवस्तुसंशोधकांनीं तें थडगें उघडलें. ४६७ वर्षें लोटलीं होतीं, तरी मेणवस्त्रांत गुंडाळलेल्या देहाची उंची मोजतां आली. ती भरली सहा फूट दोन इंच! ‘लांब टांगांचा’ हें त्याचें टोपणनांव खरें ठरलें.

पहिल्या चार्ल्सची कथा अधिक करुण आहे. ३० जानेवारी १६४९ रोजीं त्याचा शिरच्छेद झाला. विंडसर येथें साधेपणानें उरकलेल्या दफनाची नेमकी जागा पुढें विस्मृतींत गेली. १८१३ सालीं तेथील एका तळघरांत त्याची शवपेटी सांपडली आणि १ एप्रिल रोजीं सर हेन्री हॅलफर्ड या वैद्यानें तिची तपासणी केली. मेणवस्त्र दूर करतांच टोकदार दाढीचा, चित्रांतून परिचित असलेला चेहरा प्रकट झाला. मस्तक धडावेगळें होतें. मानेचा चौथा मणका सरळ छेदला गेला होता. संशयास जागा उरली नाहीं.

त्या वेळीं डावा डोळा उघडा व भरीव दिसला. परंतु हवा लागतांच तो क्षणार्धांत नाहींसा झाला. मेणानें १६४ वर्षें जें राखलें, तें पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत गेलें. जखमेवरील पट्टी असो वा राजाचें कफन, काळाकडून थोडी मुदत मागून घेणें एवढेंच मेणाच्या हातीं होतें. चार्ल्सच्या बाबतींत ती मुदत सत्यास पुरेशी ठरली.